कामाच्या लॅपटॉपवर लिनक्स: सिस्टीम सगळ्यात शेवटी बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोजच्या कामाचा लॅपटॉप, सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीचा एसएसडी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ हा प्रोसेसर चालवून घेत नाही. मशीन मात्र ठणठणीत आहे. दिवसभराचं काम म्हणजे एक्सेल, मेल, व्हिडिओ मीटिंग, ब्राउझरमध्ये उघडणारी दोन-तीन पोर्टलं आणि पीडीएफ. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकावं का, कोणतं टाकावं, आणि काम न अडता कसं टाकावं?

टाकायला हरकत नाही. पण हे तीन प्रश्न ज्या क्रमाने विचारले जातात, त्या क्रमाने सोडवू नका. ‘कोणतं डिस्ट्रो’ (म्हणजे लिनक्सचा कोणता तयार प्रकार) हा यातला सगळ्यात हलका प्रश्न आहे आणि लोक महिनाभर त्याच्यावरच व्हिडिओ बघत बसतात. मी आजवर बऱ्याच जणांची कामाची मशीनं लिनक्सवर नेली आहेत. काही जण पंधरा दिवसांत विंडोजवर परतलेही. परतलेल्यांपैकी एकाचंही कारण डिस्ट्रो नव्हतं. कोणाची मॅक्रोवाली (एका बटणावर ठरलेलं काम आपोआप करणारी) फाइल चालेना, कोणाचं डिजिटल सहीचं टोकन ओळखेना, कोणाच्या डॉकला (लॅपटॉपला मॉनिटर-कीबोर्ड जोडणाऱ्या डबीला) लावलेला दुसरा मॉनिटर उजळेना. आणि हे सगळं कळलं कधी, तर विंडोज पुसून झाल्यावर. म्हणून माझी पद्धत उलटी आहे: आधी प्रोग्रॅम बदला, तेही विंडोजवरच बसून. सिस्टीम शेवटी.

त्याच्याही आधी एक गोष्ट. लॅपटॉप कोणाचा आहे? कंपनीचा असेल तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरलाही हात लावू नका. कंपनीच्या मशीनवर बहुतेक वेळा दुरून नियंत्रण ठेवणारं सॉफ्टवेअर असतं, डिस्क एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असते आणि व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचं दार, ‘हे मशीन आमच्या नियमात बसतं का’ हे तपासून मगच आत सोडतं. रात्री गुपचूप फॉरमॅट मारलात तर सकाळी मेलसुद्धा उघडणार नाही, आणि खुलासा द्यावा लागेल तो वेगळाच. आयटीवाले दर वेळी नाहीच म्हणतात असंही नाही. एखादं ठरावीक डिस्ट्रो आणि डिस्क एन्क्रिप्शन या अटीवर परवानगी देणारे मी पाहिले आहेत. तसं झालं तर डिस्ट्रोचा प्रश्न तिथेच मिटला.

लॅपटॉप स्वतःचा असेल तर एक वही घ्या. खरंच वही, कारण संगणकावर लिहायचं ठरवलं की ते राहून जातं. दिवसभरात जो जो प्रोग्रॅम उघडाल, जे जे यंत्र लावाल, ते लिहा. दोन आठवडे पुरत नाहीत. महिनाअखेर त्यात आली पाहिजे. एका सहकाऱ्याच्या वहीत पहिले वीस दिवस तेच ते होतं: ब्राउझर, एक्सेल, मेल, मीटिंग, पीडीएफ, प्रिंट. तो म्हणाला, सगळं तर सोपं आहे, उगाच लिहायला लावता. अठ्ठाविसाव्या तारखेला नोंद आली, ‘पगारपत्रक, हिरवं बटण’. ते हिरवं बटण म्हणजे कोणीतरी सहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं मॅक्रो. ते कसं चालतं हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्याच्याशिवाय पगार निघत नव्हता.

वही भरली की तिचे तीन गठ्ठे होतात. ब्राउझरमध्ये चालणारं सगळं एका गठ्ठ्यात; त्याची काळजी सोडा. ज्याची लिनक्सवर आवृत्ती आहे ते दुसऱ्यात: क्रोम, फायरफॉक्स, थंडरबर्ड, झूम, व्हीएलसी वगैरे. आणि फक्त विंडोजवर चालणारं तिसऱ्यात. खरा निर्णय या तिसऱ्या गठ्ठ्यावर होतो. तो रिकामा असेल तर निम्मं काम झालं. त्यात ॲडोबीची फोटोशॉप-इलस्ट्रेटर मंडळी, ऑटोकॅड किंवा यूएसबी डोंगलवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल आणि तेच तुमचं पोट असेल, तर मी स्पष्टच सांगतो: या मशीनवर लिनक्स टाकू नका. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून चालतं असं कोणीतरी सांगेल. छोट्या, जुन्या, एकट्या प्रोग्रॅमला वाइन छान चालतं. पण पुढच्या अपडेटनंतरही ते चालेल याची हमी कोणी देत नाही, आणि कामाच्या मशीनवर मला ‘बहुतेक चालेल’ हा शब्दप्रयोग नको असतो.

तिसऱ्या गठ्ठ्यात महिन्यातून एक-दोनदाच लागणारी गोष्ट असेल तर वाट निघते. लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आतल्या नकली संगणकात) विंडोज ठेवता येतं, पण ८ जीबी रॅममध्ये दोघांचीही घुसमट होते. १६ जीबी करून घ्या. त्या आतल्या विंडोजला स्वतःचं लायसन्स लागतं हेही धरा, कारण लॅपटॉपबरोबर आलेलं लायसन्स सहसा त्या मशीनच्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. ऑफिसात एखादं विंडोज मशीन कायम चालू असेल तर त्याहून सोपं: रेमिना नावाचा प्रोग्रॅम वापरून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरायचं, हिरवं बटण दाबायचं आणि बाहेर पडायचं. वर सांगितलेल्या सहकाऱ्याचा पगार आजही असाच निघतो.

आता एक्सेल. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा, कारण घोडं इथेच पेंड खातं. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्सवर नाही. तुमच्यासमोर तीन गोष्टी राहतात: लिब्रेऑफिस, ओन्लीऑफिस आणि ब्राउझरमधलं एक्सेल. पहिले दोन विंडोजवरही चालतात, म्हणून आजच बसवा आणि तुमच्या खऱ्या फाइली त्यांत उघडून बघा. नमुन्याची फाइल नको. सगळ्यात जड, सगळ्यात जुनी, दहा हातांतून फिरलेली फाइल उघडा.

काय बघायचं? सूत्रं जवळजवळ सगळी चालतात. तिथे अडल्याचं क्वचितच आठवतं. मॅक्रो असेल तर लिब्रेऑफिस ते काही अंशीच समजतं, त्यामुळे प्रत्येक बटण दाबून बघा. पॉवर क्वेरी (बाहेरून डेटा आणून मांडणारी एक्सेलची सोय) वापरत असाल तर तिथे थांबा, लिब्रेऑफिसमध्ये ती नाही. एका फाइलमधून दुसऱ्या फाइलला दिलेले दुवे नीट तपासा. ते ‘डी ड्राइव्ह, हिशेब, अमुक फाइल’ असे लिहिलेले असतात, आणि लिनक्सवर डी ड्राइव्ह नावाची वस्तूच नसते. शिवाय लिनक्सला फाइलच्या नावातली इंग्रजी मोठी-छोटी अक्षरं वेगळी वाटतात; त्या अक्षरांत फरक पडला की ती दुसरीच फाइल. विंडोजवर वर्षानुवर्षं खपून गेलेला हा ढिसाळपणा इथे दुव्यांवर निघतो.

फॉन्टची गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण तक्रारी सगळ्यात जास्त तिच्याच येतात. एक पानाचं पत्र लिनक्सवर उघडलं की दोन पानांचं होतं आणि सही एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन बसते. दोष ऑफिसच्या प्रोग्रॅमचा नसतो. पत्र कॅलिब्रीत लिहिलेलं असतं, कॅलिब्री लिनक्सवर नसतो, त्याच्या जागी थोडा रुंद फॉन्ट येतो आणि ओळी खाली सरकतात. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात. प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टएवढीच ठेवलेली असल्यामुळे ओळी जागच्या हलत नाहीत. एरिअल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन हे कुटुंब असतंच. नव्या ऑफिसचा ॲप्टॉस मात्र वेगळ्या मापाचा आहे, त्याला कार्लिटोचा उपयोग नाही. ज्या फाइली समोरच्याबरोबर मागे-पुढे फिरत राहतात, त्या मी ब्राउझरमधल्या वर्ड-एक्सेलमध्येच करतो. जी अंतिम आहे ती पीडीएफ करून पाठवतो.

मेलचं सोपं आहे, एक गोष्ट सोडून. मेल सर्व्हरवर असेल तर थंडरबर्डमध्ये खातं जोडा किंवा ब्राउझरमधून बघा. पण वर्षानुवर्षांची जुनी मेल आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये लॅपटॉपवरच पडलेली असेल, तर ती विंडोज आणि आउटलुक शाबूत असतानाच बाहेर काढा. आउटलुकमध्ये आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारं) खातं जोडून त्यात जुने फोल्डर ओढून टाकायचे, हा कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग. थंडरबर्ड आणि फायरफॉक्सची प्रोफाइल फोल्डरं विंडोजवरून जशीच्या तशी उचलून लिनक्सवर ठेवता येतात, हा या दोघांचा मोठा फायदा. मीटिंगसाठी टीम्स लागत असेल तर त्याचं लिनक्सवरचं स्वतंत्र ॲप मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या अखेरीस बंद केलं. आता ते ब्राउझरमधूनच चालवायचं, आणि ठीक चालतं.

महिनाभर विंडोजवर बसून याच नव्या प्रोग्रॅमांत काम करा. ज्या दिवशी तुम्ही मायक्रोसॉफ्ट ऑफिस एकदाही उघडलं नाही हे संध्याकाळी लक्षात येईल, त्या दिवशी पुढचा विचार करा.

पुढचं म्हणजे मशीनची परीक्षा. पेन ड्राइव्हवर लिनक्स उतरवून त्यावरून बूट करा, म्हणजे मशीन सुरू करा. आतल्या डिस्कला धक्का न लावता अख्खी सिस्टीम चालते. लोक या लाइव्ह सेशनमध्ये वायफाय लागलं, व्हिडिओ वाजला, एवढं बघून खूश होतात. मी त्यातूनच एक खरी मीटिंग करायला लावतो. कॅमेरा, माइक, हेडफोन, स्क्रीन शेअर, सगळं एकदम कळतं. मग झाकण मिटवा, दहा मिनिटांनी उघडा. वायफाय परत जोडलं गेलं का? बाहेरचा मॉनिटर लावा. प्रिंटरवर एक पान काढा, स्कॅनरवर एक घ्या. डिजिटल सहीचं टोकन असेल तर ते देणाऱ्याकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, हे आधीच विचारा.

तुमचं जुन्या पिढीचं मशीन एका बाबतीत नशीबवान आहे. अगदी नव्या लॅपटॉपांत नव्या पद्धतीचे कॅमेरे आणि झोपेची नवी पद्धत आल्यापासून लिनक्सवर थोडी रडारड वाढली आहे. झाकण मिटवून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप संध्याकाळी गरम आणि बॅटरी रिकामी असं होतं. सात-आठ वर्षं जुन्या मशीनवर हे सहसा होत नाही. तिथे अडचण येते ती बोटाच्या ठशाच्या सेन्सरची, काही ब्रॉडकॉम वायफाय कार्डांची आणि डिस्प्लेलिंकवर चालणाऱ्या यूएसबी डॉकची. असा डॉक लावला की कीबोर्ड-माउस चालतात, मॉनिटर काळाच राहतो. त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो.

आता डिस्क. माझा आग्रह एकच: जुना एसएसडी पुसू नका. तो काढून ठेवा आणि नवा बसवा. लिनक्स नव्यावर टाका. काही बिनसलं तर चार स्क्रू फिरवून वीस मिनिटांत जुनं विंडोज जसं होतं तसं परत. याहून चांगला बॅकअप मला माहीत नाही. डिस्क मदरबोर्डलाच चिकटवलेली असेल तर क्लोनझिलाने अख्ख्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्या.

‘दोन्ही ठेवतो, ड्युअल बूट करतो’ असं बहुतेकांच्या मनात असतं. शिकण्यासाठी ठीक, कामाच्या मशीनवर मी टाळतो. २५६ जीबीत दोघांनाही जागा अपुरी पडते. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलं तर शट डाउन केल्यावरही त्याचं पार्टिशन (डिस्कचा त्याचा भाग) अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्सला त्यात लिहिता येत नाही. घड्याळाचाही घोळ होतो: विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तासांनी चुकते आणि मीटिंगही. हे सगळं दुरुस्त करता येतं. पण खरी अडचण माणसाची आहे. पहिली अडचण आली की तो विंडोजमध्ये जातो आणि मग तिथेच राहतो.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काहीही बदलण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू आहे का ते बघा. इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. एका माणसाचा लॅपटॉप हातात घेतला, पेन ड्राइव्हवरून बूट होईना म्हणून सिक्युअर बूटची (फक्त ओळखीची सिस्टीम सुरू होऊ देणारी) सेटिंग बदलली. पेन ड्राइव्ह नंतर बघू म्हणून विंडोज सुरू केलं, तर निळा पडदा: ४८ आकडी रिकव्हरी की टाका. ‘बिटलॉकर? आम्ही तर कधीच लावलं नाही,’ मालक म्हणाला. खरंच लावलं नव्हतं. पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर ते आपोआप लागलं होतं, आणि ते खातं होतं नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं. सेटिंग परत पूर्वीसारखी केल्यावर विंडोज उघडलं म्हणून निभावलं. मधल्या दीड तासात मी काय काय कल्पना केल्या ते सांगत नाही. तेव्हापासून हात लावण्याआधी ती की कागदावर उतरवून घेतो आणि बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करतो.

लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका. बायोसमध्ये स्टोरेजची सेटिंग इंटेल आरएसटी किंवा रेडवर असते, ती एएचसीआयवर न्यायची. मात्र जुनं विंडोज त्याच मशीनवर परत लावायची वेळ आली, तर ही सेटिंगही पूर्ववत करावी लागेल, नाहीतर ते सुरू होणार नाही. वहीत लिहून ठेवा.

आता कुठे डिस्ट्रो. लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. विंडोज १० वापरलेल्या माणसाला पहिल्या तासात सगळं सापडतं. मिंटची २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. उबंटूची दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्तीही तितकीच चांगली, फक्त मांडणी वेगळी. मशीन अगदी नवं असतं तर मी फेडोरा म्हटलं असतं, कारण त्यात नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) लवकर येतो. पण तिथे दर आवृत्तीला साधारण तेरा महिनेच अपडेट मिळतात, म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड आलंच. आर्च (जाणकारांचं डिस्ट्रो) वापरणारे मित्र काहीही म्हणोत, ते तुमच्यासाठी नाही. निदान या मशीनवर रोजचं काम करायचं आहे तोवर नाही.

इन्स्टॉल शुक्रवारी संध्याकाळी करा. रविवारी रात्री करणारे सोमवारी मला फोन करतात. इन्स्टॉलरमध्ये डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय तिथेच निवडा. नंतर तो लावायचा तर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून टाकावं लागतं. कामाचा लॅपटॉप हरवू शकतो, आणि एन्क्रिप्शन नसेल तर पासवर्डला काही अर्थ नाही, डिस्क काढून कोणीही वाचेल. एन्क्रिप्शनसाठी ठरवलेला परवलीचा वाक्यांश मात्र कागदावर लिहून घरात कुलपात ठेवा. तो विसरलात तर डेटा गेला, कोणी परत आणू शकत नाही.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर आणखी एक पायरी आहे, आणि जवळजवळ प्रत्येक जण ती चुकवतो. सिक्युअर बूट चालू असताना ड्रायव्हर बसवला की इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. मशीन पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि काही सेकंदच थांबतो. त्यात ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. निळा पडदा बघून लोक दचकतात, ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, आणि मग ड्रायव्हर का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात. तसं झालं तर फार काही बिघडत नाही. ती नोंदणी पुन्हा मागवून पुढच्या बूटला तो पडदा परत आणता येतो.

मराठी टायपिंगचं एका वाक्यात: युनिकोड इनस्क्रिप्ट वापरत असाल तर कीबोर्डच्या यादीत मराठी जोडा, झालं, रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायची सवय असेल तर आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज बसवा. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली असतील, तर त्या विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

पहिल्या आठवड्यात एक सवय मोडा: सॉफ्टवेअर हवं म्हणून वेबसाइट शोधून डाउनलोड करणं. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, तिथे नाव शोधा, तिथूनच बसवा. टर्मिनलमध्ये कुठूनतरी उचललेली लांबलचक कमांड चिकटवू नका, विशेषतः तिच्यात ‘सुडो’ (सिस्टीमचे पूर्ण अधिकार देणारा शब्द) असेल आणि ती काय करते हे तुम्हाला सांगता येत नसेल तर.

बॅकअपबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, लोक ते चालू करतात आणि निश्चिंत होतात. टाइमशिफ्ट सिस्टीम वाचवतं. अपडेटने काही बिघडलं तर कालची सिस्टीम परत आणतं. तुमच्या कागदपत्रांना ते मुळातच हात लावत नाही, तसं मुद्दाम ठरवलेलं आहे. कागदपत्रांसाठी देजा दुप किंवा पिका बॅकअप वेगळं लावा, बाहेरच्या डिस्कवर, आणि पंधरा दिवसांतून एकदा त्यातली एखादी फाइल खरोखर परत काढून उघडून बघा.

राहिला तो काढून ठेवलेला जुना एसएसडी. मी तो वर्षअखेरीचं काम पार पडेपर्यंत पाकिटात घालून ठेवायला सांगतो. वर चिठ्ठी चिकटवायची: तारीख, बिटलॉकरची की कुठल्या कागदावर आहे, आणि बायोसची आधीची सेटिंग. मधेच एखादी राहून गेलेली फाइल आठवली तर तो यूएसबीच्या केसमध्ये घालून लावा. ती ४८ आकडी की दिली की मिंट बिटलॉकरची डिस्कही उघडतं, फाइल काढून घ्या. वर्ष सरलं की तोच फॉरमॅट करून देजा दुपला बॅकअपसाठी द्या.